बर्फाला मॅचिंग

मॅचिंगवरून शिंप्याशी वाद घालायची हिंमत अख्ख्या गल्लीत कुणात नव्हती. गिऱ्हाईक कापड टाकून निघून जायचं आणि हा पठ्ठ्या दोऱ्याची रिळं घेऊन दुकानाच्या दारात उन्हात उभा. हे रीळ लाव, काढ. ते रीळ लाव, काढ. राखाडी कापडाला राखाडी दोरा लावला की झालं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. त्याच्याकडे राखाडीची अकरा रिळं होती आणि दर वेळी त्यातली दहा त्याच्या मते साफ चूक असायची. बटण कापडातून उठून दिसलं की त्याला रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

दुसरी खोड म्हणजे आतली बाजू. कपडा उलटा केला तरी सुलटा वाटला पाहिजे, असा त्याचा हट्ट. एक धागा लोंबता चालायचा नाही, एक कड उघडी चालायची नाही. गिऱ्हाइकाने आरशात पुढूनमागून बघून मान डोलावली की हा म्हणणारच, "आतून बघा." लोकांना कुठे वेळ असतो? "छान आहे, छान आहे," म्हणत ते पिशवी उचलायचे. शेजारच्या स्टुलावर काजं-बटणं करत बसलेली बायको कपाळाला हात लावायची.

"अहो, एका कोटात दोन कोटांचा वेळ घालवता. आतलं कोण बघतंय?"

"मी बघतो ना," तो म्हणायचा, आणि मशीन पुन्हा घरघरायला लागायचं.

तर असा हा माणूस. दहा वर्षांत दुकानाला सलग दोन दिवस कुलूप लागलं नव्हतं, आणि हिवाळा म्हणजे तर कोटांचा हंगाम. पण त्या वर्षी तायडीने शाळेत निबंध लिहिला, 'माझी सुट्टी.' तायडी म्हणजे थोरली, आठ वर्षांची. तिने लिहिलं होतं, "सुट्टीत आम्ही दुकानात बसतो. मी बटणं रंगाप्रमाणे लावते. माझा भाऊ ती पुन्हा मिसळतो. मग मी पुन्हा लावते." बाईंनी 'सुंदर' असा शेरा दिला. बायकोने तो निबंध दोनदा वाचला, घडी घालून ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवला आणि जाहीर केलं, "यंदा मुलांना बर्फ दाखवायचा." ती एकदा म्हणाली म्हणजे झालं. शिंप्याने दारावर 'पाच दिवस बंद' अशी पाटी लावली, आणि ती वाकडी तर लागली नाही ना हे रस्त्यापलीकडे जाऊन दोनदा पाहिलं.

बर्फात जायचं म्हणजे मुलांना कपडे हवेत. दुकानातून विकत आणायचे? शिंप्याच्या पोरांना? त्याने नुसतं नावही काढू दिलं नाही. एका दवाखान्याच्या गाद्यांच्या खोळी नुकत्याच शिवून दिल्या होत्या, त्यातलं जाड पांढरं कापड उरलं होतं, पाण्याचा थेंब पडला तरी घरंगळून जाईल असं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बसला आणि बारा दुपारींत दोन जोड उभे केले. कापूस भरलेले गुडघ्यापर्यंतचे कोट, त्यांना जोडलेल्या टोप्या, खाली तशाच विजारी, उरलेल्या तुकड्यांचे हातमोजे. कापूस सरकू नये म्हणून सगळ्यावर रजईसारख्या चौकटी मारल्या, चार चार बोटांच्या, रुळाने आखल्यासारख्या. आत उबदार फ्लॅनेलचं अस्तर हवं होतं आणि घरात एकच फ्लॅनेल होतं, भडक नारिंगी. ते लावताना त्याला फार क्लेश झाले. "जाऊ दे, आतच आहे," असं म्हणून त्याने मन घट्ट केलं, पण शिवण मात्र आतही तशीच, काटेकोर.

बायकोने दोन्ही कोट खुंटीवर टांगून लांबून पाहिले.

"सगळं पांढरंच? एखादं काळं बटण तरी लावते."

"वेडी की काय!" शिंपी उखडलाच. "बर्फ कसला असतो? पांढरा. कपडे कसले? पांढरे. बटण पांढरं, दोरा पांढरा. एकदम मॅचिंग."

आणि स्वतःवर खूश होऊन त्याने चहा मागितला. बायकोला काहीतरी खटकत होतं, पण काय ते तिला सांगता येईना. शेवटी तिने चहा टाकला.

डोंगरावर पोचेपर्यंत बसमध्ये भोपळ्याने दोनदा उलटी केली. भोपळ्या म्हणजे धाकटा, साडेचार वर्षांचा, गालांवरून हे नाव पडलेला. पण शेवटच्या वळणावर गाडी वळली, समोर सगळं पांढरंशुभ्र पसरलं, आणि तो बाकावर उभा राहून ओरडला, "कुणी सांडलं?" अख्खी बस हसली.

उतरायचं घर लाकडी होतं. खाली बूट काढून ठेवायची लांब फळी, तिच्यावर बुटांच्या ओळी, ओल्या लोकरीचा आणि जळत्या लाकडाचा वास, वर जाताना दर पायरीला निराळा आवाज करणारा जिना. घर चालवणाऱ्या बाईंना सगळेच मावशी म्हणत. मावशी धिप्पाड, आवाज खणखणीत. आल्या आल्या त्यांनी मुलांच्या हातात सुपाचे वाडगे दिले आणि आईबापांना सूचना दिल्या. "शेगडीला हात लावायचा नाही. कुंपणापलीकडे जायचं नाही. बाकी अंगण तुमचं." खोली एवढीशी, चार माणसांना तीन खाटा, पण खिडकीतून सबंध डोंगर दिसत होता. बायको खिडकीला नाक लावून उभी राहिली ती हालेचना. शिंपी तिच्याकडे बघत राहिला. हे आपण दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः मुलांना कपडे चढवले. टोप्यांच्या नाड्या बांधल्या, बाह्या खाली ओढल्या, दोन पावलं मागे होऊन पाहिलं. भोपळ्याने स्वतःभोवती गिरकी घेतली. "मी अस्वल!" तायडीही हसली. दोघं धडधडत जिना उतरली आणि हा मागोमाग, कौतुक ऐकायला.

अंगणात आधीच पाचसहा मुलं होती. कुणी निळ्या जाकिटात, कुणी पिवळ्या. एका मुलीचं जाकीट लालचुटुक होतं, चकचकीत चेन, खांद्यावर चांदण्यांचं चित्र. ती तायडीच्याच वयाची. तिने या दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही दवाखान्यातून आलात का?"

"कंपाउंडर!" निळ्या जाकीटवाला ओरडला. "इंजेक्शन देऊ नका हं!" सगळे खिदळले. भोपळ्याही खिदळला, त्याला वाटलं काहीतरी चांगलं चाललंय.

तायडीचे कान लाल झाले. "हे माझं नाहीच आहे," ती म्हणाली. "शेजाऱ्यांचं आहे. माझं जाकीट घरी राहिलं. दुकानातलं."

शिंपी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होता. एक पाय बुटात, एक मोज्यात. तो तसाच मागे वळला आणि वर गेला. बायको अंथरुणं आवरत होती.

"काय हो? डोळे का पुसताय?"

"थंडी. डोळ्यांत जाते."

वाईट वाटलं त्याला. लपवून काय करायचंय, फार वाईट वाटलं. लोकांनी आतून बघितलं नाही तर तो कधी मनाला लावून घ्यायचा नाही. पण ही पोर त्याच्या मशीनखाली चिंध्यांत झोपून मोठी झाली होती, पहिलं वाक्य 'कात्री दे' असं बोलली होती. आणि ती म्हणाली शेजाऱ्यांचं! तिला रागावावं असंही त्याला वाटेना. आठ वर्षांच्या मुलीला चारचौघांत हसले तर ती काय करणार? खाली येऊन त्याने मोज्यातल्या पायात बूट घातला आणि अंगणात न जाता तो मागच्या दाराने बाहेर जाऊन लाकडं फोडणाऱ्याशी उगीच गप्पा मारत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी तायडीने पांढऱ्या कोटाला हात लावला नाही. आईचा तपकिरी स्वेटर अंगात चढवला, बाह्या तीनदा दुमडल्या, वरून शाल गुंडाळली.

"हे काय सोंग?" आई म्हणाली. "बाबांनी एवढा कोट शिवलाय तो?"

"टोचतो."

"काय टोचतं? दाखव."

"राहू दे," शिंपी घाईघाईने म्हणाला. "टोचत असेल. जा गं, खेळ तू."

मुलं खाली गेल्यावर बायको चहा आणायला गेली. परत येऊन बघते तर नवरा खिडकीशी चष्मा लावून बसलेला, मांडीवर तायडीचा कोट उलटा केलेला, नारिंगी अस्तरावरून बोटं फिरवत एकेक शिवण तपासतोय.

"काय शोधताय?"

"टोचतो म्हणाली."

"काही टोचत नाही तिथे."

"माहितेय मला," तो म्हणाला, आणि तरी पुढची शिवण बघायला लागला. बायकोने चहा त्याच्या शेजारी ठेवला आणि मुद्दाम त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. थोड्या वेळाने दोघांनी मिळून खिडकीतून पाहिलं. खाली भोपळ्या एकटा पांढऱ्या कोटात लोळत होता, इतका सुखात की त्याच्याकडे बघून हसूच यावं.

त्या दुपारी मुलांनी लपाछपी काढली. आजवर भोपळ्या या खेळात दर वेळी हरत आला होता, कारण कुणी "भोपळ्या, कुठेस?" म्हटलं की तो "इथे!" म्हणून बाहेर यायचा. त्यामुळे तायडीने डाव सुरू व्हायच्या आधी त्याला बाजूला घेऊन दम भरला. "कुणीही हाक मारली तरी बाहेर यायचं नाही. मी मारली तरी नाही. बाबांनी मारली तरी नाही. ती युक्ती असते. कळलं?" भोपळ्याने मान हलवली. राज्य तायडीवर आलं. तिने भिंतीकडे तोंड करून शंभर म्हटले आणि एकेकाला शोधून काढलं. निळा दाराआड, पिवळा बर्फावरून घसरायच्या लाकडी घसरगाड्यांमागे, लाल जाकीट तर झाडाआडून लांबूनच दिसत होतं. राहिला भोपळ्या.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांना गंमत वाटली. "भोपळ्या जिंकला रे!" तायडीच्या आवाजात अभिमान होता. मग ती म्हणाली, "डाव संपला, ये बाहेर." मग मोठ्याने. मग अंगणभर पळत. पंधरा मिनिटांनी ती जिन्याखाली आली तेव्हा तिची शाल कुठेतरी पडली होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

"बाबा, भोपळ्या सापडत नाहीये."

दोघं नवराबायको तशीच धावली, बायको तर नुसत्या मोज्यांवर. अंगण, लाकडांची रास, पाण्याची टाकी, कुंपणाच्या कडेचे उंचसखल ढीग, सगळीकडे हाका. पावलांच्या खुणा बघाव्यात तर तीन दिवस पोरांनी अंगण तुडवलेलं. मावशी घंटा बडवत बाहेर आल्या, मागून लाकडं फोडणारा, त्यामागून बाकीचे आईबाप.

"घाबरू नका," मावशी म्हणाल्या. "सगळे मिळून शोधू. फक्त लवकर. ऊन त्या कड्यामागे गेलं की काही दिसायचं नाही. मुलाने घातलंय काय?"

"कोट," शिंपी म्हणाला.

"रंग?"

"पांढरा."

"टोपी?"

"पांढरी."

"विजार? हातमोजे?"

"पांढरे. सगळं पांढरं."

मावशींनी घंटा खाली केली. "बटणं तरी?"

शिंप्याने नकारार्थी मान हलवली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, आणि दुकानात खुंटीवरचे कोट बघून काय खटकलं होतं ते तिला आत्ता कळलं. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला तीच त्याने आपल्या पोराच्या अंगावर चढवली होती, आणि इतकी बेमालूम की आता बापालाही पोर दिसत नव्हतं.

माणसं चारी बाजूंना पांगली. शिंपी मात्र अंगणाच्या मधोमध उभा राहिला. कड्यावर ऊन टेकलं होतं. घाबरून इकडेतिकडे पळण्यात अर्थ नाही एवढं त्याला समजत होतं, पण मग करायचं काय? पांढऱ्यावर पांढरं. पांढऱ्यावर पांढरं तर तो रोज बघत होता. पांढऱ्या कापडावरची पांढऱ्या दोऱ्याची टीप उसवायची असली की तो काय करायचा? वरून बघितलं तर डोळे फुटले तरी टीप दिसत नाही. कापड दाराशी न्यायचं, आडवं धरायचं, डोळा कापडाच्या पातळीला आणायचा आणि उजेड समोरून येऊ द्यायचा. मग प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते.

शिंपी धाडकन बर्फावर पालथा झाला.

"अहो, यांना काय झालं बघा!" कुणीतरी ओरडलं. बायको किंचाळत मागे फिरली.

"कुणी माझ्यासमोर येऊ नका!" तो गरजला. दुकानातही तो कधी एवढ्या मोठ्याने बोलला नव्हता. गाल बर्फाला टेकवून, एक डोळा मिटून तो उन्हाच्या दिशेने बघत राहिला. ढीग, खड्डे, बुटांचे ठसे, सगळ्यांच्या वेड्यावाकड्या सावल्या. तो सरपटत थोडा वळला. पुन्हा पाहिलं. पुन्हा वळला. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, उपड्या घसरगाडीच्या शेजारी, एका ढिगावर त्याला रेघा दिसल्या. सरळ रेघा. उभ्या आणि आडव्या, चार चार बोटांवर.

बर्फाला टीप नसते.

तो कसा उठला, कसा पळाला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने दोन्ही हातांनी तो ढीग उचलला आणि ढीग रागाने म्हणाला, "सोडा ना बाबा! ताई हाक मारतेय, मी येणार नाहीये!"

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसंच झालं. बायकोने पोराला त्याच्या हातातून ओढूनच घेतलं आणि गालांचे मुके घेता घेता पाठीत एक धपाटाही दिला. भोपळ्याला दोन्हीचं कारण कळलं नाही. "मी जिंकलो ना? मी किती हाका ऐकल्या, तरी नाही आलो! मग थोडा झोपलो." मावशींनी त्याच्या कोटाच्या गळ्यातून आत हात घातला. "अगं बाई, हा तर घामेजलाय! भट्टीतून काढल्यासारखा गरम आहे. असा कोट कुठे मिळतो?"

उत्तर द्यायला शिंपी जागेवर नव्हता. तो उपड्या घसरगाडीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. "मॅचिंग," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मॅचिंग करायला गेलो होतो मी." बायको पोराला कडेवर घेऊन त्याच्याजवळ आली, तिचे दात थंडीने वाजत होते, आणि त्याला असा बसलेला बघून तिला एकदम हसू फुटलं. रडतारडताच हसली. "एवढं मॅचिंग मी जन्मात पाहिलं नाही हो," ती म्हणाली. मग तोही हसला. तायडी थोडी दूर उभी होती. ती हसली नाही. ती आली आणि बाबांच्या पाठीला चिकटून उभी राहिली, आणि जेवणापर्यंत तिने त्यांच्या स्वेटरचं टोक सोडलं नाही.

जेवण झाल्यावर शेगडीशेजारी शिंप्याने दोन्ही कोट उलटे केले. नारिंगी बाजू बाहेर. झटकले, चाचपले. कुठे एक धागा लोंबत नव्हता, एक कड उघडी नव्हती. ही बाजू बाहेर ठेवून घातला तरी कुणी उलटा म्हणणार नाही. फक्त बटणं त्या बाजूला हवी होती. सुई त्याच्या कॉलरमध्ये होतीच, ती सुट्टीवर जात नसते. मावशींनी बटणांचा जुना डबा आणून दिला.

"मॅचिंग काही मिळायचं नाही हो त्यात."

"नकोच," शिंपी म्हणाला. "जी उठून दिसतील ती द्या."

बायकोने हे ऐकून तायडीला कोपराने ढोसलं. तायडी डब्यात हात घालून बसली आणि एकेक बटण काढून देत गेली. एक हिरवं, एक पितळी, एक कोटापेक्षा ओव्हरकोटाला शोभेल असं काळं. बायको ती लावत होती. मधेच तायडीने विचारलं, "बाबा, सगळे भोपळ्याला शोधत होते. तुम्हाला एकट्यालाच कसा दिसला?"

"मी भोपळ्याला नव्हतोच शोधत. टीप शोधत होतो." त्याने कोटाची चौकट तिच्यापुढे धरली. "माझी टीप मला कुठेही ओळखू येते."

तायडीने चौकटीवर बोटं ठेवली. चार बोटं. पुढच्या चौकटीवर ठेवली. चार बोटं. बाहीपासून टोपीपर्यंत तिने सगळ्या मोजल्या, नंतर कोट उलटासुलटा करून आतून मोजल्या. कोट कसा वाटला, हे शिंप्याने विचारलं नाही, कारण विचारून कौतुक मिळवण्यात काय मजा, ते त्याला दुकानात चांगलं कळलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी भोपळ्याला तयार करून तो वळला तर तायडी दारात उभी होती. नारिंगी कोट, नारिंगी टोपी, छातीवर पाच तऱ्हांची पाच बटणं. स्वेटर खाटेवर घडी घालून ठेवलेला. "चल रे," तिने भावाचा हात धरला आणि दोघं जिना वाजवत खाली गेली.

शिंपी मागोमाग उतरला. शेवटच्या पायरीवर एक पाय बुटात घातला, आणि बाहेरून लाल जाकीटवालीचा आवाज आला.

"ए, नवीन? आणलंत? कुठल्या दुकानातलं?"

त्याचा दुसरा पाय हवेतच राहिला. आता पुन्हा ऐकायचं? नको रे बाबा. तो वर जायला वळला.

"दुकानातलं नाही," तायडी म्हणाली. खणखणीत, मावशींसारख्या आवाजात. "माझ्या बाबांनी शिवलंय. ते शिंपी आहेत. परवाचं पांढरं पण हेच. शेजाऱ्यांचं नव्हतं, मी खोटं सांगितलं होतं."

"खरंच? हे तेच?"

"मग! बाहेरून काय बघतेस?" तायडीने वरचं बटण काढून कोटाची कड उलटी केली आणि तिच्यापुढे धरली. "आतून बघ."

लाल जाकीटवाली वाकून बघायला लागली. निळा आला, पिवळा आला. भोपळ्याला वाटलं आपलंही कुणीतरी बघावं, म्हणून त्याने सगळी बटणं काढून कोट दोन्ही हातांनी उघडून धरला. पाच डोकी एकत्र येऊन शिवण बघत होती, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच कुणालाच घाई नव्हती.

बायको जिना उतरून आली. नवरा पायरीवर बसलेला, एक पाय बुटात, एक मोज्यात.

"काय हो, पुन्हा डोळ्यांत थंडी गेली का?"

"हो," शिंपी म्हणाला. "आज जरा जास्तच आहे."